पेनिसिलिनची गोळी : दहा दिवसांचा उपचार, अनेक वर्षांचा प्रतिबंध आणि खानदेश

तोंडाने घेता येणारे पेनिसिलिन हे सत्तर वर्षांहून जुने औषध आहे आणि ते गुणकारी आहे की नाही याविषयी वैद्यकशास्त्रात आज वाद उरलेला नाही. वाद आहेत ते हे औषध कोणाला द्यावे, किती दिवस द्यावे आणि इंजेक्शनऐवजी गोळीवर कितपत विसंबावे याविषयी. यांतील बहुतेक प्रश्नांचे संशोधन स्वीडन, अमेरिका, जमैका, युगांडा अशा देशांत झाले. त्यांची उत्तरे मात्र खानदेशातील जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील डॉक्टरांना रोज द्यावी लागतात. भुसावळजवळचे दीपनगर ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत आहे. तिच्या आसपास कामगारांची व रेल्वे कर्मचाऱ्यांची वस्ती आहे, तर तापी ओलांडून यावल, रावेर, चोपड्याकडे गेले की सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी, भिल्ल आणि पावरा समाजाचे पाडे लागतात. वसाहतीतील मुलाच्या दुखऱ्या घशासाठी दहा दिवस दिली जाणारी गोळी आणि पाड्यावरील सिकलसेलग्रस्त बालकाला पाच वर्षांचे होईपर्यंत दिली जाणारी गोळी यांतील औषध एकच आहे. त्यामागील प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांची सद्यस्थिती क्रमाने मांडली आहे.

सुईतून गोळीत

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीभोवतीचे जीवाणू नष्ट झालेले पाहिले. त्या बुरशीतील द्रव्याचे औषध करण्याचे काम १९४० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी पार पाडले. त्या वेळचे पेनिसिलिन जी जठरातील आम्लात बरेचसे नष्ट होत असल्यामुळे ते मुख्यतः इंजेक्शनानेच द्यावे लागे. १९५० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रियातील कुंडल येथील कारखान्यात अर्न्स्ट ब्रांडल आणि हान्स मार्गराइटर यांना फेनॉक्सिमिथाइल पेनिसिलिन हा प्रकार आम्लात टिकतो असे आढळले. हेच पेनिसिलिन व्ही होय. त्यामुळे पेनिसिलिन रुग्णालयाच्या खाटेवरून घरच्या फडताळात आले.

याच काळात भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन केली. सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा देशातील हा पहिला मोठा प्रयत्न होता, आणि परदेशातून येणाऱ्या कुप्यांवर अवलंबून असलेल्या देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले ते महाराष्ट्राच्या भूमीवर.

पेनिसिलिनचे कार्य समजून घेतले की त्याच्या मर्यादाही स्पष्ट होतात. जीवाणूच्या पेशीभोवती एक कठीण भित्तिका असते आणि जीवाणू वाढताना ती सतत नव्याने विणावी लागते. हे विणकाम करणाऱ्या प्रथिनांना पेनिसिलिन चिकटते, भित्तिका अपुरी राहते आणि जीवाणू फुटतो. मानवी पेशीला अशी भित्तिकाच नसल्यामुळे औषधाचा विषारीपणा फार कमी असतो. विषाणूलाही ती नसल्यामुळे सर्दी-पडशावर ते पूर्णपणे निरुपयोगी ठरते. स्टॅफिलोकॉकस या जीवाणूच्या बहुतेक जाती पेनिसिलिन तोडणारे विकर बनवतात, म्हणून गळवे आणि पू झालेल्या जखमांवर साध्या पेनिसिलिनचा आता फारसा भरवसा धरता येत नाही. याउलट घशाचा तीव्र संसर्ग करणारा अ-गटाचा स्ट्रेप्टोकॉकस इतक्या दशकांच्या वापरानंतरही पेनिसिलिनला दाद देतो. रुग्णाकडून मिळालेल्या या जीवाणूत पेनिसिलिनचा खरा प्रतिकार आजवर सिद्ध झालेला नाही. प्रतिजैविकांच्या इतिहासात ही विलक्षण बाब आहे, आणि पुढील चर्चेचा बराचसा भाग याच वस्तुस्थितीवर उभा आहे.

व्यवहारातील एक बारकावा येथेच नोंदवणे आवश्यक आहे. भारतातील औषध दुकानांत ‘पेनिसिलिनची गोळी’ या एकाच नावाखाली दोन औषधे येतात : पेनिसिलिन व्ही आणि ‘पेन्टिड्स’ या नावाने परिचित असलेली पेनिसिलिन जीची गोळी. पहिलीची मात्रा मिलिग्रॅममध्ये, तर दुसरीची बहुधा युनिटमध्ये लिहिली जाते. २५० मिलिग्रॅम म्हणजे ढोबळमानाने चार लाख युनिट. दोन्ही गोळ्या उपाशीपोटी अधिक चांगल्या शोषल्या जातात, पण दुसरीच्या बाबतीत जेवण आणि गोळी यांतील अंतर पाळणे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण आम्लापुढे तिचा टिकाव कमी लागतो.

घशाचा संसर्ग : दहा दिवस की पाच?

घसा दुखण्याच्या तक्रारींपैकी मुलांमध्ये साधारण १५ ते ३० टक्के आणि प्रौढांमध्ये ५ ते १५ टक्के तक्रारींमागेच स्ट्रेप्टोकॉकस असतो. उरलेल्या बहुतेक विषाणूजन्य असतात, तर काही निव्वळ धूळ, धूर किंवा कोरड्या हवेमुळे झालेल्या असतात. त्यामुळे डॉक्टर चार गोष्टी पाहतात : ताप आहे का, खोकला नाही ना, टॉन्सिलवर पांढरट पुटे आहेत का आणि जबड्याखालच्या गाठी सुजून दुखतात का. खोकला व नाक वाहणे असेल तर स्ट्रेप्टोकॉकसची शक्यता उतरते. घशातील स्राव जीवाणू-संवर्धनासाठी पाठवल्यास अहवालाला एक-दोन दिवस लागतात. हा विलंब धोक्याचा नसतो, कारण घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले तरी पुढचा, हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा ऱ्हुमॅटिक ताप टळू शकतो. ग्रामीण भागातील अडचण निराळी आहे : ज्याला दोन दिवसांनी परत यायला सांगावे तो रुग्ण परत येईलच याची खात्री नसते.

जुनी आणि अजूनही सर्वाधिक मान्य असलेली पद्धत म्हणजे मुलांना २५० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीन वेळा आणि प्रौढांना ५०० मिलिग्रॅम दोनदा असे दहा दिवस देणे. ताप मात्र दोन-तीन दिवसांत उतरतो आणि पाकिटातील उरलेल्या गोळ्या घरातल्या डब्यात जातात. म्हणूनच कालावधी कमी करता येईल का, हा प्रश्न वारंवार विचारला गेला. स्वीडनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा पाच दिवस आणि १,००० मिलिग्रॅम तीन वेळा दहा दिवस अशी तुलना झाली. लक्षणे बरी होण्यात पाच दिवसांचा उपचार कमी पडला नाही, परंतु घशातून जीवाणू पुरता निघून जाण्याचे प्रमाण दहा दिवसांच्या गटात अधिक होते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनीही पाच ते दहा दिवसांची मुभा दिली आहे.

हे निष्कर्ष खानदेशाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. स्वीडनमध्ये ऱ्हुमॅटिक ताप जवळपास नाहीसा झाला आहे, त्यामुळे तेथे उपचाराचा हेतू मुख्यतः घसा बरा करणे हा असतो. भारतात तोच उपचार हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठीही असतो. हृदयरक्षणाचा जो पुरावा उपलब्ध आहे, तो १९५० मध्ये अमेरिकेतील फोर्ट वॉरन या लष्करी तळावर डेनी, वॉनमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शनच्या पेनिसिलिनवर केलेल्या कामापासून सुरू होतो, आणि त्याच्या आधारावर रूढ झालेला दहा दिवसांचा कालावधी कमी करण्याइतका पुरावा ऱ्हुमॅटिक तापाच्या प्रदेशातून पुढे आलेला नाही. तो येईपर्यंत येथे दहा दिवसांचाच आग्रह धरणे रास्त आहे.

प्रत्यक्षात भारतातील दवाखान्यांत घशासाठी पेनिसिलिन व्ही क्वचितच लिहिले जाते. त्याची जागा अमॉक्सिसिलिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम यांनी घेतली आहे. अमॉक्सिसिलिनच्या बाजूने सबळ कारणे आहेत : ते जेवणानंतरही चालते, त्याचे पातळ औषध मुले आवडीने घेतात आणि घशाच्या संसर्गात ते दिवसातून एकदा देऊनही भागते. त्याचा पल्ला मात्र रुंद असल्यामुळे आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूंवरही त्याचा अधिक परिणाम होतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तीन-पाच दिवसांचा सुटसुटीतपणा लोकप्रिय आहे, परंतु स्ट्रेप्टोकॉकसमध्ये त्याचा प्रतिकार आढळतो आणि पेनिसिलिनचा आढळत नाही, एवढे एक कारण पसंतीक्रम ठरवायला पुरेसे आहे. स्कँडिनेव्हियन देशांनी पेनिसिलिन व्हीला पहिले स्थान कायम ठेवले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही ते सहज उपलब्ध असावे अशा पहिल्या गटात मोडते.

हृदयाच्या झडपा : सुई की गोळी?

स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाच्या संसर्गानंतर काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच हृदयावर उलटते. हा ऱ्हुमॅटिक ताप. एकदा तो येऊन गेलेल्या मुलाला नव्या संसर्गानंतर पुन्हा येण्याचा धोका फार मोठा असतो आणि प्रत्येक खेपेस झडपा अधिक आकसतात किंवा गळू लागतात. म्हणून अशा मुलाला वर्षानुवर्षे प्रतिबंधक पेनिसिलिन द्यावे लागते : हृदयाला इजा नसेल तर किमान पाच वर्षे, इजा असेल तर किमान दहा वर्षे, आणि झडपांचा गंभीर आजार असल्यास त्याहून पुष्कळ अधिक, काहींना आयुष्यभर.

हा प्रतिबंध दोन मार्गांनी देता येतो. पहिला मार्ग म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनचे, अर्थात ‘पेनिड्युअर’ या नावाने रुग्णांना माहीत असलेले, १२ लाख युनिटचे इंजेक्शन दर तीन किंवा चार आठवड्यांनी घेणे. २७ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना निम्मी मात्रा पुरते. दुसरा मार्ग म्हणजे पेनिसिलिन व्हीची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज दोन वेळा घेणे. हिशेब मांडला तर वर्षाला तेरा ते अठरा इंजेक्शने किंवा ७३० गोळ्या होतात.

इंजेक्शनच्या बाजूचे म्हणणे पुराव्याने भक्कम आहे. दोन्ही मार्गांची तुलना करणाऱ्या अभ्यासांच्या २००२ मधील कोक्रेन आढाव्यात इंजेक्शन घेणाऱ्यांना पुन्हा ताप येण्याचे प्रमाण कमी आढळले, यद्यपि ते अभ्यास जुने आणि त्यांचा दर्जा कमकुवतच होता. युगांडात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इकोकार्डिओग्राफीतच दिसणारा सुप्त झडपविकार असलेल्या मुलांना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिल्यावर दोन वर्षांत आजार वाढण्याचे प्रमाण ०.८ टक्के राहिले, तर औषध न दिलेल्या मुलांत ते ८.२ टक्के होते. शिवाय इंजेक्शनची नोंद आरोग्य केंद्रात होते. गोळी घेतली की नाही हे घरालाच ठाऊक असते.

गोळीच्या बाजूचे म्हणणेही हलके नाही. इंजेक्शन अतिशय दुखते, त्याच्या भीतीने शाळकरी मुले पुढची तारीख टाळतात, आणि इंजेक्शननंतर मृत्यू झाल्याच्या घटनांमुळे अनेक डॉक्टर ते द्यायला धजत नाहीत. या मृत्यूंचे कारण सर्रास अ‍ॅलर्जी समजले जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या निवेदनाने मात्र वेगळी शक्यता पुढे आणली : झडपा गंभीररीत्या आकसलेल्या किंवा हृदय दुबळे झालेल्या रुग्णांत इंजेक्शनच्या वेदनेने आणि भीतीने रक्तदाब व नाडी एकाएकी खालावून मृत्यू ओढवत असावेत. ‘टेस्ट डोस’ने अशी घटना टळत नाही. त्यामुळे या जोखमीच्या रुग्णांना गोळीच द्यावी, अशी शिफारस त्या निवेदनात आहे. जी गोळी आजवर दुय्यम पर्याय समजली जाई, ती सर्वाधिक आजारी रुग्णांसाठी पहिला पर्याय ठरली, हे या क्षेत्रातील अलीकडचे सर्वांत मोठे वळण म्हणता येईल.

खानदेशात या वादाला स्थलांतराची बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. दर तीन आठवड्यांच्या इंजेक्शनची साखळी तेथे तुटते. गोळ्यांचे पाकीट मात्र कुटुंबाबरोबर फडावर जाऊ शकते. ते तेथे नियमाने उघडले जाते का, हा प्रश्न उरतोच. गावी असताना इंजेक्शन आणि स्थलांतराच्या महिन्यांत गोळी अशी सांगड शास्त्राच्या विरोधात नाही. तिची पद्धतशीर तपासणी मात्र व्हायला हवी.

पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पेनिसिलिन चालत नाही असा शिक्का बसलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना तपासणीअंती ते चालते, आणि गोळीने होणारी जीवघेणी प्रतिक्रिया इंजेक्शनपेक्षाही दुर्मीळ असते. तथापि पूर्वी अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल, तर तो इतिहास डॉक्टरांना सांगणे अनिवार्य आहे. अशा रुग्णांसाठी सल्फाडायझिन किंवा एरिथ्रोमायसिन हे पर्याय आहेत.

सिकलसेल : पाच वर्षांची राखण

खानदेशाच्या दृष्टीने पेनिसिलिनच्या गोळीचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग सिकलसेल आजारात आहे. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि तडवी समाजांत या जनुकाचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत. काही गटांत ते दर शंभरी दहाहून अधिक आढळले आहेत. या भागातील आजाराची ओळख पटवण्यात पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचे काम मूलभूत मानले जाते. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

वाकड्या पेशी प्लीहेतील बारीक वाहिन्या बुजवतात आणि बालपणीच प्लीहा निकामी होऊ लागते. रक्तातील न्यूमोकॉकससारखे कवचधारी जीवाणू गाळून काढण्याचे काम प्लीहाच करत असल्यामुळे अशा बालकाला सकाळी आलेला ताप रात्रीपर्यंत प्राणावर बेतू शकतो. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २१५ बालकांपैकी काहींना पेनिसिलिन व्ही १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा आणि काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांत गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. दुसऱ्या गटात संसर्गाने तीन मृत्यू झाले, औषधाच्या गटात एकही नाही. हा फरक पाहून चाचणी आठ महिने आधीच थांबवली गेली. पुढे १९९५ मधील दुसऱ्या चाचणीने पाच वर्षांनंतर औषध बंद केल्यास धोका लक्षणीय वाढत नाही असे दाखवले. गंभीर न्यूमोकॉकस संसर्ग होऊन गेलेली किंवा प्लीहा काढलेली मुले त्यास अपवाद आहेत. दोन-तीन महिन्यांच्या वयापासून १२५ मिलिग्रॅम आणि तीन ते पाच वर्षे २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ही रूढ मात्रा या संशोधनातून आली.

भारतात हा नियम तसाच लागू करावा का, यावर दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार येथील आजार अरब-भारतीय जनुकीय प्रकाराचा असून त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकते, प्लीहा अधिक वर्षे काम करते आणि न्यूमोकॉकसचे सिद्ध संसर्ग अमेरिकेइतके नोंदले गेलेले नाहीत. शिवाय साल्मोनेलासारख्या ज्या जीवाणूंचा येथे त्रास होतो, त्यांवर पेनिसिलिन व्ही चालत नाही. दुसरे मत नागपूर आणि विदर्भातील बालरोगतज्ज्ञांच्या अनुभवातून आले आहे : मध्य भारतातील अनेक मुलांत आजार सौम्य मुळीच नाही. नोंदी कमी असण्याचे कारणही ते दाखवतात. ताप आलेले मूल मोठ्या रुग्णालयात पोहोचण्याआधी त्याला कुठले तरी प्रतिजैविक मिळालेले असते आणि रक्ताच्या संवर्धनात जीवाणू उगवत नाही. आणि घरीच दगावलेल्या बालकाचे रक्त कोणी तपासलेले नसते. या युक्तिवादात तथ्य आहे. मूल दगावण्याचा धोका आणि स्वस्त गोळीचा अल्प त्रास यांची तुलना केली, तर पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन देण्याच्या बाजूनेच पारडे झुकते, आणि भारतातील मार्गदर्शक सूचनांचा कलही तोच आहे. न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ मध्ये देशभर बालकांच्या लसीकरणात आली. ती सर्व उपप्रकारांना आवरत नसल्यामुळे गोळीची गरज लगेच संपत नाही.

खरी अडचण निदानाच्या वयाची आहे. प्राथमिक तपासणीत वापरली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांखालील बाळात विश्वसनीय नसते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते. नवजाताचे निदान करायचे तर टाचेतून घेतलेले रक्त एचपीएलसीसारख्या यंत्रावर तपासावे लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पण पेनिसिलिनचा लाभ ज्या वयात सर्वाधिक, ते साधायचे तर निदान जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवे. शाळेत तपासणी होऊन आठव्या वर्षी निदान झालेल्या मुलासाठी ती वेळ निघून गेलेली असते.

दुसरी अडचण औषधाच्या रूपाची आहे. भुकटीत पाणी मिसळून केलेले पातळ पेनिसिलिन फ्रिजमध्ये ठेवूनही एक-दोन आठवडेच टिकते; जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पाड्यावर वीज बेभरवशाची असते, तेथे ते औषध लवकर निकामी होणार. त्यामुळे २५० मिलिग्रॅमची अर्धी गोळी चुरून चमचाभर पाण्यात देणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. चुरलेली गोळी कडू लागते आणि बाळ ती थुंकते. अर्धी गोळी थुंकली तर पुन्हा द्यावी का, हे आशाताईने आईला सांगितलेले असणे येथे औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते.

पुरवठा आणि प्रतिकार

पेनिसिलिनचे सर्व प्रकार किण्वनाने तयार होणाऱ्या मूळ द्रव्यावर अवलंबून असतात. स्वस्त चिनी मालापुढे भारतातील हे उत्पादन बंद पडले आणि देश दीर्घकाळ आयातीवर राहिला. सरकारी प्रोत्साहन योजनेतून काकीनाडा येथील प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाल्यावर ते पुन्हा उभे राहू लागले. बेंझाथिन इंजेक्शनचा तुटवडा गेल्या दशकात जगातील अनेक देशांनी अनुभवला. नफा कमी असलेल्या जुन्या औषधांबाबत हे घडतच राहणार, म्हणून सुई आणि गोळी दोन्ही साठ्यात असणे शहाणपणाचे आहे. दीर्घ प्रतिबंधाने प्रतिकारक न्यूमोकॉकस वाढतील ही भीती निराधार नाही, परंतु सिकलसेलच्या बालकांना त्यामुळे औषध नाकारावे असा पुरावा आजवर मिळालेला नाही. प्रतिकाराची अधिक चिंता विषाणूजन्य घसादुखीवर विनाकारण दिल्या जाणाऱ्या रुंद पल्ल्याच्या औषधांची करावी लागेल.

अनिर्णित राहिलेले

तीन प्रश्न खुले आहेत. ऱ्हुमॅटिक तापाच्या प्रदेशात घशाचा उपचार दहा दिवसांपेक्षा कमी करता येईल का? सुप्त झडपविकारात गोळी इंजेक्शनइतकी संरक्षक ठरते का? याचा शोध युगांडातील नव्या चाचणीत घेतला जात आहे. आणि अरब-भारतीय प्रकारच्या सिकलसेलमध्ये पेनिसिलिनने नेमके किती मृत्यू टळतात? पहिल्या दोहोंची उत्तरे बाहेरून येऊ शकतात. तिसऱ्याचे उत्तर जेथे रुग्ण आहेत तेथूनच यावे लागेल. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या बालरोग विभागांनी सिकलसेलग्रस्त प्रत्येक बालकासाठी निदानाचे वय, पेनिसिलिन सुरू झाल्याची तारीख, चुकलेले महिने, तापाचे प्रसंग आणि पहिल्या प्रतिजैविकापूर्वी घेतलेल्या रक्त-संवर्धनाचा निकाल एवढ्या पाच बाबींची सामाईक नोंदवही ठेवावी. ती आजच सुरू व्हायला हवी.